कोकण किनाऱ्यावरील दगडफुले: नाव कसे ठरवावे आणि त्यावरून काय म्हणता येते

प्रश्न असा आहे: ‘मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आंबा, माड, फणस आणि जांभ्याचे चिरे यांवर वाढणाऱ्या दगडफुलांची, म्हणजेच लायकेनची, विद्यार्थ्यांनी भरपूर छायाचित्रे काढली आहेत. त्यांवरून जातींची यादी करता येईल का? किनाऱ्यावरील हवा कितपत शुद्ध आहे, हे त्या यादीवरून सांगता येईल का? शिवाय दगडफुलामुळे कलमे खंगतात, ती खरवडून काढावीत, असे बागायतदार म्हणतात. त्यात तथ्य किती?’

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. दगडफूल झाडाचा रस शोषत नाही. बांडगूळ आपली शोषक मुळे झाडाच्या जिवंत भागात घालते आणि पाणी व क्षार ओढून घेते. दगडफूल सालीच्या वरच्या, मेलेल्या थरावर राहते आणि आपले अन्न स्वतःमधल्या शैवालाकडून मिळवते. बागायतदारांचे निरीक्षण मात्र खोटे नाही. खंगलेल्या कलमावर दगडफुले खरोखरच जास्त दिसतात. कार्यकारणाची दिशा तेवढी उलटी आहे: झाडाचा जोम कमी झाला की पालवी विरळ होते, खोडावर व फांद्यांवर ऊन पोहोचू लागते, वाढ मंदावल्याने साल लवकर गळून पडत नाही, आणि या दोन्ही गोष्टी दगडफुलाला हव्याच असतात. बोर्डो पेस्ट लावली की त्यातील तांब्यामुळे ती मरतात हे खरे. पण तेवढ्याने झाड सुधारत नाही. तारेच्या ब्रशने खरवडण्यात साल सोलवटते, ते नुकसान वेगळेच. बागेत मजूर लावायचेच असतील तर ते बांडगूळ काढायला लावावेत.

याला एकच अपवाद आहे, आणि तो खोडावरचा नसून पानावरचा आहे. आंबा, पेरू, चहा अशा झाडांच्या पानांवर नारिंगी-तांबूस मखमली ठिपके पडतात, त्यांना आपण ‘रेड रस्ट’ म्हणतो. तो रोग सेफाल्युरोस नावाच्या शैवालामुळे होतो आणि हे शैवाल खरोखरच परजीवी आहे. स्ट्रिग्युला या प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) कवके याच शैवालाला आपल्यात सामावून घेतात आणि सदाहरित पानांवर राखाडी-हिरवट, गोलसर दगडफूल तयार होते. तेव्हा पानांवरच्या ठिपक्यांबाबत बागायतदाराने शंका घेतली तर ती सरसकट उडवून लावू नये. ठिपक्याचा छेद घेऊन पाहावे.

आता मुख्य विषय, म्हणजे यादी. छायाचित्रांवरून जातींची यादी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि कोकणात तर मुळीच करू नये. हे मत कशावर उभे आहे ते समजण्यासाठी दगडफुलाच्या नावाचा अर्थ काय, हे आधी नीट मांडावे लागेल.

दगडफूल म्हणजे एक कवक आणि एक किंवा अधिक प्रकाशसंश्लेषक सोबती, हिरवे शैवाल किंवा नीलहरित जीवाणू, यांनी मिळून उभा केलेला देह. ही दुहेरी रचना श्वेंडेनर यांनी 1860च्या दशकाच्या अखेरीस मांडली, आणि त्या काळातील बहुतेक दगडफूल-अभ्यासकांनी ती संतापाने फेटाळली. आज नामकरणाच्या नियमांनुसार दगडफुलाला दिलेले नाव हे त्यातील कवकाचे नाव असते. शैवालाला त्याचे स्वतंत्र नाव असते. त्यामुळे दगडफुलांचे वर्गीकरण म्हणजे कवकांच्या वर्गीकरणाचाच एक भाग, आणि त्यातही जवळजवळ सारा भाग ॲस्कोमायकोटा या गटातला. 2016 मध्ये सिद्ध झालेल्या जागतिक वर्गीकरणात 19,387 जाती, 995 प्रजाती आणि 115 कुले मोजली आहेत. त्याच वर्षी काही दगडफुलांच्या बाहेरच्या सालीत बॅसिडिओमायकोटा गटातील यीस्टही सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि ‘दोघांचा संसार’ ही सोयीची व्याख्या ढिली झाली. पण ही यीस्ट सर्वच दगडफुलांत असतात असे पुढील अभ्यासांतून दिसलेले नाही, म्हणून विद्यार्थ्यांना शिकवताना तो मुद्दा जपून मांडावा.

नाव कवकाचे, म्हणून ओळखही कवकाच्या अवयवांवरून करावी लागते: बीजाणू कसे आहेत, ते धारण करणारी पिशवी, म्हणजे ॲसकस, कशी आहे, फलकायाची (बीजाणू तयार करणाऱ्या अवयवाची) भिंत काळी पडून कोळशासारखी झाली आहे की नाही, आणि कवकाने कोणती आम्ले तयार केली आहेत. यांतील एकही गोष्ट मोबाइलच्या छायाचित्रात येत नाही. हिमालयात किंवा नीलगिरीत लोंबणाऱ्या मोठ्या जातींचे छायाचित्र निदान प्रजातीपर्यंत तरी नेऊन सोडते. कोकण किनाऱ्यावर मात्र बहुसंख्य दगडफुले क्रस्टोज, म्हणजे सालीला खपलीसारखी चिकटलेली असतात, आणि त्यांतली कितीतरी डोळ्यांना केवळ पांढरट किंवा हिरवट डाग म्हणून दिसतात.

ग्राफिसचे उदाहरण घेऊ. फणसाच्या, पोफळीच्या किंवा कोवळ्या आंब्याच्या गुळगुळीत सालीवर बारीक काळ्या रेघोट्या ओढल्यासारख्या दिसतात. त्या रेघोट्या म्हणजे लायरेली, लांबट फलकाय. विद्यार्थी त्या सर्वांना एकच नाव देतात. जुन्या पद्धतीत अशा दगडफुलांच्या चार प्रजाती केवळ बीजाणूंवरून केल्या जात: बीजाणू रंगहीन आणि आडव्या पडद्यांचे असतील तर ग्राफिस, रंगहीन पण उभ्या-आडव्या पडद्यांनी चौकटी पाडलेले असतील तर ग्राफिना, तपकिरी आणि आडव्या पडद्यांचे असतील तर फिओग्राफिस, तपकिरी आणि चौकटीदार असतील तर फिओग्राफिना. 2002 मध्ये श्टायगर यांनी ही मांडणी मोडली आणि फलकायाची भिंत, बीजाणूंच्या थराचे स्वरूप व आयोडीनची प्रतिक्रिया यांना अधिक वजन दिले. त्यामुळे पूर्वी ग्राफिनात असलेल्या अनेक जाती आज ग्राफिसमध्ये आहेत आणि काही तिसरीकडेच गेल्या आहेत. महाराष्ट्रातील जुने लेखन वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण तेथील नाव आणि आजचे नाव एकाच दगडफुलाचे असू शकते आणि यादीत ते दोनदा मोजले जाऊ शकते. ग्राफिडेसी हे कुल उष्ण प्रदेशांत विलक्षण विस्तारलेले आहे. त्यात दोन हजारांहून अधिक जाती आहेत, आणि कोकणातील सालींवरचा मोठा हिस्सा याच कुलाचा आहे.

प्रत्यक्ष काम असे चालते. लायरेलाचा आडवा, पातळ छेद रेझर ब्लेडने घ्यावा, तो प्रथम पाण्यात आणि मग 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहावा. वरची काळी भिंत फक्त कडांना आहे की खालूनही पूर्ण वेढते, हे येथे कळते. बीजाणूंना लुगॉलचे आयोडीन दिले की ग्राफिसचे बीजाणू निळसर-जांभळे होतात आणि फिओग्राफिसचे तांबूस-तपकिरी. फिओग्राफिसचे बीजाणू कोवळे असताना रंगहीन असतात, म्हणून एकच बीजाणू पाहून निर्णय देऊ नये. हा सगळा खटाटोप साध्या महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शकावर होतो. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही, हात बसावा लागतो.

रसायनांची परीक्षाही तितकीच आवश्यक आहे. पोटॅशचे (म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे) द्रावण आणि ब्लीचिंगचे द्रावण यांचे थेंब टाकून रंग पाहण्याची पद्धत नायलँडर यांनी 1866 मध्ये प्रचारात आणली. (श्वेंडेनर यांच्या सिद्धान्ताचे सर्वांत कडवे विरोधकही हेच नायलँडर, शास्त्रज्ञाचे हात बरोबर असतात तेव्हा डोके बरोबर असेलच असे नाही.) विद्यार्थ्यांना ही परीक्षा शिकवण्यासाठी रानात जाण्याचीही गरज नाही. मसाल्यासाठी वाण्याकडे मिळणारे दगडफूल आणावे. ते किनाऱ्यावरचे नसते, डोंगराळ मुलुखातून येते, आणि एका पुडीत बहुधा पार्मोट्रेमाच्या एकाहून अधिक जाती मिसळलेल्या असतात. वरची साल ब्लेडने किंचित खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर ताज्या ब्लीचिंग द्रावणाचा थेंब टाकला, की पार्मोट्रेमा टिंक्टोरमचा तुकडा लेकॅनोरिक आम्लामुळे लगेच लाल होतो. पार्मोट्रेमा परलाटमचा तुकडा लाल होत नाही, पण पोटॅशने पिवळा होतो. दिसायला जवळपास सारख्या असलेल्या दोन जाती एका थेंबाने वेगळ्या होतात हे एकदा पाहिले, की छायाचित्रावर विसंबण्याची ओढ आपोआप कमी होते.

किनाऱ्यावर याचे सर्वांत उपयुक्त उदाहरण म्हणजे पिक्झिने कोकोइस आणि डिरिनारिया. दोन्ही राखाडी, दोन्ही चपट्या पाळ्यांच्या, दोन्ही माडावर व आंब्यावर भरपूर, आणि दोघांचीही खालची बाजू काळी. पिक्झिनेला खालून मुळांसारखे धागे असतात, डिरिनारियाला नसतात. पण दोन्ही सालीला इतकी घट्ट बसतात की खालची बाजू पाहणे अवघड होते. अशा वेळी नमुना अंधाऱ्या खोलीत नेऊन दीर्घ तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली धरावा. पिक्झिने कोकोइस तिच्या सालीतील लायकेक्झँथोन या रसायनामुळे झळझळीत पिवळी दिसते, डिरिनारियाची साल तशी चमकत नाही. नोटा तपासण्याचा स्वस्त दिवाही या कामाला पुरतो. पुढे नेमकी आम्ले ओळखायची असतील तर पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करावी. कल्बर्सन आणि क्रिस्टिन्सन यांनी 1970 मध्ये ठरवून दिलेली द्रावकांची पद्धत आजही प्रमाण मानली जाते आणि पदव्युत्तर प्रयोगशाळेत ती सहज उभी करता येते.

डीएनएचा प्रश्न पुढे येईलच. कवकांसाठी डीएनएतील आयटीएस नावाचा भाग ओळखचिन्ह म्हणून 2012 पासून सर्वमान्य आहे. दक्षिण अमेरिकेतील कोरा या दगडफुलाची कथा प्रसिद्ध आहे: एकच जात समजल्या गेलेल्या नमुन्यांत 2014 च्या अभ्यासात 126 जाती निघाल्या. आपल्याकडे असे काही निघणारच नाही असे मानायला आधार नाही. तरीही सुरुवात डीएनएपासून करू नये. खपलीसारख्या दगडफुलावर इतर कवके बिनदिक्कत वाढतात आणि पावसाळी हवेत गोळा केलेल्या नमुन्यातून भलत्याच बुरशीचा डीएनए-क्रम हाती येतो. छेद आणि रसायने पाहून आधी काही नाव सुचलेले नसेल तर तो क्रम चुकीचा आहे हेही कळत नाही.

आणखी एक अडचण खास कोकणाची आहे: दगडफुलासारखे दिसणारे पण दगडफूल नसलेले बरेच काही येथे आहे. पावसाळ्यात गडग्यांवर, माडाच्या खोडांवर, देवळाच्या भिंतींवर नारिंगी-तांबडी लव येते, ती ट्रेंटेपोह्लिया नावाचे मुक्त शैवाल असते. रंग नारिंगी असला तरी गणना हिरव्या शैवालांतच होते. गंमत अशी की ग्राफिस, पायरेन्युला, रोसेला अशा येथल्या कितीतरी दगडफुलांच्या आत हेच शैवाल सोबती म्हणून असते. ताजी खपली नखाने हलके खरवडली आणि खालून पिवळट-नारिंगी छटा निघाली तर आत ट्रेंटेपोह्लिया असण्याचा संभव मोठा. स्वच्छ हिरवा रंग निघाला तर बहुधा ट्रेबॉक्सिया किंवा तत्सम शैवाल. कातळसड्यावरचा काळा थर पुष्कळदा नुसता नीलहरित जीवाणूंचा असतो. खोडावरची पिवळीधमक भुकटी मात्र दगडफूलच आहे, क्रायसोथ्रिक्स नावाचे. ती रंगाच्या डागासारखी दिसते म्हणून विद्यार्थी तिला टाळतात.

आता परिसंस्थेचा भाग. किनाऱ्यावर मोठी, पानासारखी पसरणारी दगडफुले कमी आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर जास्त, हे कोणालाही दिसते. त्याचे कारण पावसाचे प्रमाण एवढेच सांगितले जाते, ते पुरेसे नाही. पाऊस किनाऱ्यावरही भरपूर आहे. खरी अडचण रात्रीची आहे. दगडफुलाला पाणी धरून ठेवणारी मुळे किंवा पानाची रंध्रे नसतात. हवा ओली तर ते ओले आणि जागे, हवा कोरडी तर ते कोरडे आणि निद्रिस्त. ओल्या अवस्थेत दिवसा ते अन्न तयार करते आणि रात्री श्वसनात खर्च करते. किनाऱ्यावरच्या पावसाळी रात्री उबदार असतात, देह रात्रभर ओला राहतो, श्वसन जोरात चालते आणि दिवसाची कमाई बरीचशी संपते. त्यातच मुसळधार पावसात देहावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसला की कार्बन डायऑक्साइड आत जाणे मंदावते, म्हणजे दिवसाची कमाईही घटते. थंड रात्रींच्या घाटमाथ्यावर हा तोटा कमी होतो. म्हणून खाली, उष्ण सखल भागात, कमी वस्तुमानाच्या खपल्या टिकतात.

यावरून हेही ध्यानात येईल की आपल्याकडच्या दगडफुलांना जून ते सप्टेंबर हा काळ वाटतो तितका सुगीचा नसावा. ऑक्टोबरनंतरच्या दंव पडणाऱ्या सकाळी, जेव्हा देह पहाटे भिजतो, उन्हात दोन घटका अन्न करतो आणि दुपारपूर्वी वाळून जातो, तो काळ त्यांच्या हिशेबात मोठा असणार. हिरव्या शैवालाची दगडफुले नुसत्या दमट हवेने जागी होऊ शकतात, नीलहरित सोबती असलेल्यांना मात्र प्रत्यक्ष पाणी लागते. हे 1986 पासून सिद्ध आहे. त्यामुळे लेप्टोजियम, कोलेमा यांसारखी काळपट, भिजल्यावर जेलीसारखी फुगणारी दगडफुले खोडावरून पावसाचे पाणी वाहते त्या वाटेवर शोधावीत, आणि क्रायसोथ्रिक्ससारख्या भुकट्या त्याच खोडाच्या कोरड्या कुशीत, कारण त्या पाणी झटकून टाकतात आणि हवेतील ओलाव्यावरच जगतात. एकाच झाडाच्या दोन बाजूंची यादी वेगळी येते ती यामुळे. हे कामाच्या आखणीत धरले नाही तर पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात.

खारा वारा हा आणखी एक घटक आहे. रोसेला मोंटाग्नेई हे राखाडी, फितीसारख्या फांद्यांचे लोंबते दगडफूल भारताच्या किनारी पट्ट्यातील झाडांवर वाढते आणि समुद्रापासून दूर गेले की नाहीसे होते; ब्लीचिंगच्या थेंबाने ते लाल होते. याच प्रजातीतील जातींपासून एके काळी जांभळा रंग काढत, आणि प्रयोगशाळेतला लिटमसही याच कुळीचा. किनाऱ्यापासून आत जाताना ते नेमके कोठे संपते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी खाडीच्या दोन्ही तीरांवर नकाशावर मांडले तर एक साधे, पक्के आणि छापण्यासारखे काम होईल. अशा मोठ्या, निःसंदिग्ध जातीपुरते छायाचित्रही चालेल, सोबत एखादा नमुना असला म्हणजे झाले.

कातळ आणि किल्ले यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. जांभा आम्लधर्मी, सच्छिद्र आणि उन्हाळ्यात अतिशय तापणारा. त्यावरची वस्ती विरळ असते आणि पेल्ट्युलासारख्या नीलहरित सोबत्याच्या प्रजाती तेथे शोधाव्यात. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्या तटातील चुन्याने भरलेल्या सांध्यांवर एकदम वेगळी मंडळी भेटतात, उदाहरणार्थ नारिंगी कॅलोप्लाका, जी पोटॅशच्या थेंबाने जांभळी होते. रत्नागिरी परिसरातील कातळशिल्पांचे वय त्यांवरच्या दगडफुलांच्या व्यासावरून काढता येईल का, असे मला अधूनमधून विचारले जाते. येत नाही. ती पद्धत बेशेल यांनी 1950च्या सुमारास आल्प्समधील हिमनद्यांनी सोडलेल्या खडकांसाठी विकसित केली. तिला मंद वाढणारी एक ठरावीक जात आणि वय ठाऊक असलेल्या पृष्ठभागांवरून काढलेला वाढीचा आलेख लागतो. जांभ्याचा पृष्ठभाग स्वतःच झिजत असतो, आणि असा आलेख आपल्याकडे नाही. कातळशिल्पांवरून नमुना तर घेऊच नये, खरवडूही नये. तेथे छायाचित्रावरच थांबावे.

हवेच्या शुद्धतेचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. पॅरिसमधील लक्झेंबर्ग बागेत जी दगडफुले दिसतात ती शहरात इतरत्र नाहीशी झाली आहेत, हे नायलँडर यांनीच 1866 मध्ये नोंदवले, आणि पुढे सल्फर डायऑक्साइडशी त्याचा संबंध पक्का झाला. 1970 मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी जातींवरून प्रदूषणाची श्रेणी बसवली. ती श्रेणी, किंवा तिच्यावरून तयार झालेले कोणतेही तयार कोष्टक, कोकणात लावू नये. जाती वेगळ्या, साली वेगळ्या, पाऊस वेगळा. ‘दगडफुले आहेत म्हणजे हवा शुद्ध’ हे वाक्य तर विद्यार्थ्यांच्या अहवालातून खोडूनच टाकावे: पिक्झिने कोकोइस रहदारीच्या धुळीतही टिकते, आणि भारतात ती हवेतील धातू साठवणारी जात म्हणून अभ्यासली गेली आहे. उलट दाट पोफळीच्या बागेत दगडफुले कमी दिसली तर तो अंधाराचा परिणाम असू शकतो, हवेचा नव्हे.

आपल्या बागांमध्ये तर याहून मोठी मेख आहे. हापूसच्या मोहोरावर भुरी येऊ नये म्हणून गंधक फवारतात, करप्यासाठी बुरशीनाशके फवारतात, खोडाच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावतात. दगडफूल हे मुळात कवक आहे; कवकनाशक त्याला सोडत नाही. म्हणून महामार्गालगतच्या बागेत दगडफुले कमी आणि देवराईत जास्त असे दिसले, तर तो फरक धुराचा, फवारणीचा, सावलीचा की झाडांच्या वयाचा, हे आकड्यांवरून सांगता येणार नाही. माझ्या मते कोकणात हवेचे विधान करण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने आधी झाडाची जात, खोडाचा घेर, प्रकाश आणि फवारणी या चार गोष्टी समान ठेवल्या किंवा निदान नोंदवल्या.

आणि येथे कोकणाची एक मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्यावा. कलमांची बाग म्हणजे एकाच जातीची, ठाऊक वयाची, सारख्या अंतरावर लावलेली झाडे, आणि तीही किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत सलग. देवगड, जामसंडे, तळेबाजार, शिरगाव, नांदगाव आणि फोंडा अशी एक आडवी रेघ धरली, प्रत्येक ठिकाणी फवारणी होणारी एक बाग आणि फवारणी न होणारी, सोडून दिलेली एक बाग निवडली, आणि समान घेराची हापूसची कलमे घेतली, तर खारा वारा, उंची आणि फवारणी यांचे परिणाम एकमेकांपासून वेगळे करता येतील. सोडून दिलेल्या बागा आज प्रत्येक गावात आहेत. मालक बहुधा मुंबईत असतो, पण परवानगी फोनवर मिळते.

मोजणीसाठी युरोपातील 2014 च्या प्रमाण पद्धतीची चौकट वापरण्यास हरकत नाही, कारण तिच्यात जातींची नव्हे तर मोजण्याची रीत ठरवलेली आहे: खोडाच्या चारही दिशांना, जमिनीपासून एक मीटर उंचीच्या वर, 10 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच अशी पाच चौकोनांची शिडी लावावी आणि प्रत्येक जात किती चौकोनांत आली ते लिहावे. कललेली झाडे वगळावीत. कललेल्या खोडाची वरची बाजू पाऊस झेलते आणि खालची कोरडी राहते. किनाऱ्यावरचे माड बहुतेक कललेले असतात आणि त्यांच्या खोडांवर चढण्यासाठी खाचा पाडलेल्या असतात, म्हणून तुलनेच्या कामात माड घेऊ नये. जातींच्या नोंदीसाठी मात्र तो उत्तम आहे. हापूसची फार कमी उंचीवर फांदलेली कलमे असतील तर शिडी बसत नाही, अशी झाडे आधीच बाजूला काढावीत.

गोळा करण्याचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. ओली दगडफुले हिरवी दिसतात, त्यांचा खरा रंग कळत नाही, आणि ओला नमुना पुडीत दोन दिवसांत बुरसतो. पातळ, धारदार सुरीने सालीच्या वरच्या मेलेल्या थरासह लहान तुकडा घ्यावा, जिवंत सालीपर्यंत जाऊ नये. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये, कागदाची पुडी करावी. पुडीवर त्याच जागी झाडाची जात, उंची, दिशा, सावली, स्थानाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख लिहावी. घरी जाऊन लिहू म्हटलेले कधी लिहिले जात नाही. वाळलेले नमुने किडींच्या बंदोबस्तासाठी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि मग सिलिका जेलसह बंद डब्यात. कोकणातल्या दमट हवेत हे केले नाही तर पुढच्या पावसाळ्यानंतर हाती फक्त कागद राहतो.

वादळाने पडलेल्या फांद्या दिसल्या तर त्या सोडू नयेत. शेंड्याकडच्या डहाळ्यांवरची दगडफुले खोडावरच्यांपेक्षा वेगळी असतात आणि एरवी तेथवर पोहोचता येत नाही. मात्र देवराईत पडलेली फांदीही गावाला विचारल्याशिवाय उचलू नये. गुरव आणि मानकरी यांना आधी भेटावे, आणि कौल लावायचा म्हणाले तर थांबावे. वनक्षेत्रात वन विभागाची लेखी परवानगी लागते. कांदळवनांना कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा तिवर आणि चिप्पी यांच्या खोडांवर भरतीच्या रेषेच्या वर जी खपल्यांची दाट वस्ती असते, ती पाहण्यापूर्वी तोच सोपस्कार पुरा करावा. परदेशातील तज्ज्ञाकडे नमुना पाठवण्याची वेळ आली तर जैवविविधता कायद्याखालील परवानगी वेगळी घ्यावी लागते. टपालाने परस्पर काही पाठवू नये.

ओळख पटवण्यासाठी दोन संग्रह आपल्याला जवळचे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवक संग्रहात पटवर्धन, मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाट व महाराष्ट्रातून जमवलेले आणि वर्णन केलेले नमुने आहेत. ग्राफिस आणि पायरेन्युला यांच्यासाठी ते पाहिल्याशिवाय नाव पक्के करू नये. दुसरा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील, ज्याच्या पायाशी अवस्थी यांचे आयुष्यभराचे काम आहे. खपलीसारख्या दगडफुलांसाठी अवस्थी यांची 1991 ची ओळख-कुंजी अजूनही आरंभबिंदू आहे, फक्त तिच्यातील प्रजातींची नावे आजच्या वर्गीकरणाशी ताडून घ्यावी लागतात.

विद्यार्थ्यांनी काढलेली छायाचित्रे टाकून देऊ नयेत. प्रत्येक छायाचित्राच्या जागी पुन्हा जाऊन नमुना घेता येतो का ते पाहावे, आणि घेतलेल्या नमुन्याचा क्रमांक त्या छायाचित्राला द्यावा. ज्यांवर फलकाय नाहीत आणि रसायनांनीही काही सुचत नाही, असे नमुने बरेच निघतील. त्यांना प्रजातीपर्यंत किंवा नुसते ‘फलकायरहित खपली’ एवढेच लिहून ठेवावे, जातीचे नाव बळेच लावू नये. नमुन्यांचा दुसरा भाग वरील दोहोंपैकी एका संग्रहात जमा करावा, आणि प्रसिद्ध होणाऱ्या यादीत प्रत्येक नावापुढे त्या संग्रहातील नोंद क्रमांक छापावा.